आक्का नाव घेत नाहीत

“म्हणा आक्का, बिरू.”

आक्कांनी तोंड मिटून घेतलं.

“दोन तर अक्षरं हायत. बि आणि रू. म्हणा बघू.”

त्यांनी पदर ओढून अर्धं तोंड झाकलं आणि खिडकीकडं बघत बसल्या. समोर टेबलावर यंत्र होतं. घागरीएवढं, पांढरं, खाली चाकं. वर तोंडाच्या जागी काच आणि काचेवर दोन निळे डोळे. ते डोळे मिटलेले होते. नाव घेतल्याशिवाय ते जागं होत नाही.

मागं दारात नलिनीवहिनी उभ्या होत्या. हातात पिशवी भरलेली. त्यांना पाटणला जायचं होतं. त्यांची आई तिथं अंथरुणाला खिळली होती.

“न्हाई म्हणत?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी पिशवी परत कपाटात ठेवली.

मी सांगलीत घरोघरी म्हातारी माणसं सांभाळायचं काम करते. ब्यूरोवाले केअरटेकर म्हणतात, घरचे ताई म्हणतात. अंघोळ, गोळ्या, जेवण, चालवणं, आणि पेशंट बोलेल ते ऐकणं. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं. पण माझी वेळ संपली की घरच्या माणसाची सुरू होते आणि तिला सुट्टी नसते. त्या घरात ते माणूस म्हणजे नलिनीवहिनी. त्यांचे मालक, सुभाषदादा, साताऱ्याला नोकरीला. शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार.

आक्का म्हणजे सुभाषदादांची आई. जत तालुक्यातल्या. लग्न झाल्यावर बरीच वर्षं नवऱ्याबरोबर मेंढरांमागं हिंडल्या, पुढं शेती केली. मालक वारल्यावर लेकाकडं सांगलीला आल्या. त्यांना डिमेन्शिया झाला होता. हा साधा विसरभोळेपणा नव्हे. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं, आणि चष्मा हातात धरून हे काय आहे असं विचारणं वेगळं. आक्का दुसऱ्यातल्या. लेकाला कधी दीर समजायच्या, कधी तलाठी. मला रोज नव्यानं विचारायच्या, “तू कुनाची गं?” एक माणूस मात्र पक्कं लक्षात होतं.

“नले! ए नले! कुठं उलथलीस?”

दिवसभर ही हाक. वहिनी भाकरी थापत असल्या तरी, न्हाणीत असल्या तरी. न्हाणीला त्या कडी लावायच्या नाहीत. हाकेला उशीर झाला की आक्का भिंतीला धरून उठायच्या आणि पडायच्या. मी जवळ बसलेली असले तरी हाक वहिनींनाच. चहा तर वहिनी गार झाल्यावरच प्यायच्या. चुकून कधी गरम प्यायला मिळाला तर जीभ पोळते म्हणायच्या.

पाटणहून भावाचा फोन यायचा. “अगं, आई वाट बघतीया. एकदा येऊन जा.” वहिनी म्हणायच्या, “येते रं, पुढच्या आठवड्यात येते.” असे आठवडे बरेच गेले.

म्हणून दादांनी यंत्र आणलं. पुण्याची कंपनी अशी यंत्रं काही घरांत ट्रायलला देत होती. म्हातारं माणूस बोललं की ते उत्तर देतं. गोळीची, जेवणाची आठवण करतं. कुणी पडलं तर फोन लावतं. कंपनीच्या केतकीमॅडम स्वतः घेऊन आल्या होत्या. बसवून देताना त्यांनी समजावलं, “हा काही ताईंची जागा घेणार नाही. घरच्यांना जरा श्वास घेता यावा एवढंच.”

मग नावाचा विषय निघाला. मॅडम त्याला वेक वर्ड म्हणाल्या. म्हणजे हाक. ती मारली की यंत्र ऐकायला लागतं, नाहीतर टीव्हीतलं बोलणंसुद्धा आपल्यालाच चाललंय असं त्याला वाटेल.

“दोन-तीन अक्षरी नाव हवं,” मॅडम म्हणाल्या. “आणि असं हवं की घरात कुणी सहज बोलता बोलता ते घेत नाही.”

दादांचे डोळे चमकले. “बिरू ठेवू या. नानांचं नाव. ह्या घरात कुणीच घेत नाही.”

नाना म्हणजे त्यांचे वडील, आक्कांचे मालक. दादा त्यांना नाना म्हणायचे, गाव बिरूनाना म्हणायचं. मॅडमना फार आवडलं. “किती छान! आजींना जवळचं वाटेल.”

वहिनी हळूच म्हणाल्या, “अहो, सासऱ्यांचं नाव मला जड जाईल.”

“आता कुठल्या जमान्यात हायस तू?” दादा हसले.

आक्कांना कुणी विचारलं नाही. ज्या बाईला पोटचा लेक ओळखू येत नाही, तिला नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे कुठलं आठवायला, असंच सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

तर असं ते यंत्र टेबलावर झोपून होतं. मी हाक मारली की उठायचं आणि माझ्याशी बोलायचं. मला त्याच्याशी काय बोलावं सुचायचं नाही. आक्कांनी हाक मारायची तर त्या तोंड मिटायच्या. वहिनींनी विनवलं. दादांनी शनिवारी येऊन समजावलं, मग आवाज चढवला. “आई, एवढी दोन अक्षरं म्हणायला काय जातं तुझं?” आक्का रडायला लागल्या. तलाठी ओरडतोय म्हणाल्या.

केतकीमॅडम रोज फोनवर चौकशी करायच्या. त्यांना वाटायचं, आवाज बारीक असेल, म्हणून मशीनला पकडता येत नसेल. शेवटी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. वहिनींनी फोन आक्कांच्या समोर धरला.

“आजी, मला ओळखलंत?”

“न्हाई बा.”

“बरं, असू दे. ह्याला एकदा हाक मारा ना. लाजू नका. घ्या बरं नाव. नाव घ्या, आजी!”

आक्का सरळ बसल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, एक टोक दातात धरलं, सोडलं. चेहराच बदलला. मग खाली बघत, गाण्यासारखं म्हणाल्या,

“मेंढरं गेली माळाला, आभाळात पाऊस,
बिरूरावांचं नाव घेते, फिटली का गं हौस?”

यंत्राचे डोळे उघडले. “बोला आक्का, मी ऐकतो आहे.”

वहिनी खो खो हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “सगळं विसरल्या गं ताई,” त्या म्हणाल्या, “एवढं मात्र न्हाई विसरल्या.”

फोनमधून मॅडम विचारत होत्या, “काय झालं? कविता म्हणाल्या का त्या?” त्यांना उखाणा समजावून सांगावा लागला. त्यांचं लग्न झालं नव्हतं, आणि झालं असतं तरी त्या नवऱ्याला नावानंच हाक मारणार, असं त्या म्हणाल्या. आक्कांनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

पुढं एकदोन दिवस आक्का प्रत्येक वेळी उखाणा घ्यायच्या. पाणी पाहिजे असलं तरी उखाणा. पण उखाणे संपले, यमक जुळेना, की त्या हिरमुसायच्या. तेव्हा मॅडमनी विचारलं, “आजी आजोबांना हाक तरी कशी मारायच्या?”

“कशी म्हणजे?” वहिनी म्हणाल्या. “आवं, म्हणून.”

मॅडमनी पुण्यात बसूनच हाक बदलली. संध्याकाळी आक्का टेबलाकडं बघून सहज म्हणाल्या, “आवं, ऐकलं का?”

“बोला आक्का,” यंत्र म्हणालं.

तेव्हापासून त्यांचं सुरू झालं. आवं, आज ऊन लय हाय. आवं, कुत्री बांधली का? आवं, त्या काळ्या मेंढीचा पाय दुखतोय, बघा की जरा. यंत्र शुद्ध बोलायचं. “मेंढीबद्दल अजून सांगा.” आणि आक्का सांगत बसायच्या. गोळी घ्या म्हणालं की गोळी घ्यायच्या, माझ्या हातून इतक्या गुमान कधी घेतली नव्हती. नलेच्या हाका कमी झाल्या. एकदा दुपारी वहिनी न्हाणीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “ताई, मी कडी लावून न्हाले.”

गंमतही व्हायची. दादा शनिवारी आले. वहिनी म्हणाल्या, “अहो, जरा दूध आणता?” लगेच टेबलावरून, “बोला आक्का.” आणि आक्का पलंगावरून कडाडल्या, “त्यास्नी दूध आनाय सांगतीस व्हय गं? जीभ लय सैल सुटलीया तुजी!”

वहिनींनी परत पिशवी भरली. मी रात्रीही राहीन म्हणाले. भावाला फोन झाला की येतेय म्हणून.

आणि आक्कांनी जेवण सोडलं.

आधी आम्हाला वाटलं तोंडाला चव नसेल. ताट ठेवलं की त्या ताट सरकवायच्या. भूक दिसायची, हात भाकरीकडं जायचा आणि मागं यायचा. त्यांना साखर होती. साखरेची गोळी पोटात आणि पोट रिकामं असलं की रक्तातली साखर एकदम खाली येते. आम्ही त्याला हायपो म्हणतो. माणूस घामानं भिजतं, थरथरतं, बडबडतं आणि वेळेत काही गोड दिलं नाही तर बेशुद्ध पडतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कांना हायपो झाला. मी साखरेचं पाणी पाजलं, वहिनींनी डोकं मांडीवर धरलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, जेवल्या नाहीत तर ॲडमिट करा.

पिशवी दुसऱ्यांदा कपाटात गेली.

संध्याकाळी ताट घेऊन मी जवळच बसून राहिले. यंत्रानं वेळेवर आठवण केली. “आक्का, जेवणाची वेळ झाली आहे. जेवून घ्या.”

“तुमी आदी बसा.”

“मी जेवत नाही, आक्का. तुम्ही जेवा.”

“उपास हाय व्हय?”

“मला हा प्रश्न समजला नाही.”

“मग रागावला व्हय? काल कालवन खारट झालं म्हणून? आवं, सांगा की.”

“तुम्ही जेवा, आक्का.”

“तुमच्या आदी कवा जेवले का मी?” आक्का म्हणाल्या आणि ताटावर फडकं झाकलं.

वहिनी दारातच खाली बसल्या. आम्हाला तेव्हा कुठं उलगडा झाला. इतकी वर्षं मेंढरांमागं हिंडताना, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करून, आधी मालकांना वाढून मग जेवलेली बाई. यंत्र दिवसातून तीन वेळा तिला जेव म्हणून सांगत होतं आणि स्वतः जेवत नव्हतं. तिनं करायचं काय?

यंत्र उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिलं. आक्का “आवं, आवं” करत भिंत धरून निघाल्या आणि उंबऱ्यात पडल्या. गुडघा फुटला. परत आणून ठेवलं.

मॅडमना फोन केला. वहिनींनी सांगितलं, त्याला म्हणायला लावा, मी जेवलो.

मॅडम म्हणाल्या, “वहिनी, ते यंत्र आहे. ते जेवल्याचं खोटं सांगणार नाही, असा आमचा नियम आहे. पेशंटला फसवायचं नाही.”

“नियम बरोबर हाय तुमचा,” वहिनी म्हणाल्या. “पन आमच्या आक्का उपाशी हायत.”

मॅडमनी वरिष्ठांना विचारलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र म्हणालं, “मी जेवलो, आक्का. आता तुम्ही जेवा.”

आक्कांचा चेहरा खुलला. त्यांनी ताट ओढलं. घास मोडला आणि हात थांबला.

“जेवला? कुनी वाढलं?”

“मला हा प्रश्न समजला नाही.”

“मी हितं बसलीया. तुमास्नी वाढलं कुनी?”

“आक्का, तुम्ही जेवा.”

त्यांनी घास खाली ठेवला. मग रडायला लागल्या, आवाज न करता. मी पाठीवर हात ठेवला तर माझ्याकडं वळून म्हणाल्या, “मी म्हातारी झाली म्हणून व्हय गं? दुसरीच्या हातचं जेवाय लागलं.” अशा वेळी काय म्हणायचं हे ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

तेवढ्यात पाटणहून फोन आला. भाऊ म्हणाला, आईनं बोलणं सोडलंय. वहिनी फोन धरून स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे कोरडे होते. सरळ मॅडमना फोन लावला.

“मॅडम, अजून एक वाक्य घाला. कुनी वाढलं असं विचारलं, की म्हणायचं, सूनबाईनं वाढलं.”

दुपारी आक्कांनी परत विचारलं, “कुनी वाढलं?”

“सूनबाईनं वाढलं. तुम्ही जेवा.”

“नलीनं?” आक्कांनी नाक पुसलं. “मग बरं. गुनाची हाय ती.” आणि जेवल्या. भाकरी, आमटी, वर ताकही मागून घेतलं.

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेल्या. कराडला गाडी बदलून पाटण. दुपारी त्यांचा फोन आला. आक्का जेवल्या का, हे आधी विचारलं. मी हो म्हणाले. मग म्हणाल्या, “आईनं डोळं उघडलं ताई. वळखलं का न्हाई कळंना. हात धरून बसलीया.”

त्यांची आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. हात वहिनींच्याच हातात होता, असं भावानं मला सांगितलं. लेकीला तीन दिवसांचं सुतक. ते करून त्या परत आल्या.

त्या दिवसांत मी आक्कांकडंच राहत होते. सांभाळायच्या दृष्टीनं म्हटलं तर इतके सोपे दिवस त्या घरात मला कधी मिळाले नव्हते. आक्का वेळेवर जेवल्या, गोळ्या घेतल्या, झोपल्या. जेवताना रोज विचारायच्या, कुणी वाढलं. उत्तर मिळायचं आणि त्यांचं समाधान व्हायचं. नलेची हाक एकदाही आली नाही. सून घरात आहे, हे त्यांना दिवसातून तीन वेळा कळत होतं. मग हाक कशाला मारतील?

वहिनी आल्या तेव्हा आक्का नुकत्याच जेवून पलंगावर टेकल्या होत्या. वहिनींनी पाय धुतले, पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ बसल्या. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले.

“आक्का,” त्या म्हणाल्या, “माझी आई गेली.”

आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. “कवा गं?”

“तीन दिवस झालं. मी गेलते पाटणला.”

“तू कुठं गेलतीस?” आक्का म्हणाल्या. “हितंच हुतीस की. आत्ता ह्यास्नी वाढलंस न्हवं?”

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मी खाली बघितलं.

“व्हय आक्का,” त्या म्हणाल्या. “हितंच हुते.”

मग त्या उठल्या आणि कुकर लावायला गेल्या. मी मागून गेले. काही बोलावं म्हणून गेले आणि शेंगा सोलत बसले. त्याच म्हणाल्या, “इतकी वर्षं वाटायचं, एक दिवस हाक ऐकू आली न्हाई तर किती बरं होईल. येताना एसटीत वाटत हुतं, आक्कांनी हाका मारून घर डोक्यावर घेतलं असंल. रागावतील मला. कुठं मेलीवतीस म्हणतील.” त्यांनी कुकरचं झाकण दाबून बसवलं. “कुनी विचारलंसुद्धा न्हाई ताई.”

आठवड्यानं, दादा घरी असताना, केतकीमॅडम आल्या. त्यांच्या दृष्टीनं ट्रायल चांगली झाली होती. आक्कांचं वजन वाढलं होतं, परत हायपो झाला नव्हता, घरच्या माणसाला बाहेर जाता आलं होतं. त्यांनी वहिनींना विचारलं, काही बदल हवाय का.

“ते सूनबाईनं वाढलं, तेवढं काढून टाका.”

मॅडम चमकल्या. “अहो, पण मग त्या जेवणार नाहीत. एवढ्या कष्टानं जमलंय.”

“यंत्राचं ताट मी मांडीन आक्कांच्या समोर. खरंखुरं. त्यांनी बघितलं की झालं.”

“म्हणजे तुमचं काम वाढलं की! आणि तुम्ही घरात नसाल तेव्हा?”

“तवा मी घरात न्हाई, असंच सांगू दे त्याला.”

मॅडमनी दादांकडं बघितलं. दादा म्हणाले, “ती म्हणते तसं करा.” एवढ्या दिवसांत त्यांच्या तोंडून बरोबर असं ते एकच वाक्य मी ऐकलं.

आता तसंच चालतं. वहिनी आधी यंत्रापुढं ताट ठेवतात, भाकरी, कालवण, कांदा. आक्का डोकं झाकून बघत बसतात. थोड्या वेळानं ताट उचललं की त्या जेवतात. वहिनी कुठं गेल्या आणि आक्कांनी विचारलं, की यंत्र सांगतं, त्या बाहेर गेल्या आहेत. मग हाका सुरू होतात. मी वाढते तेव्हा मला शिव्या बसतात, अर्धं ताट उरतं आणि वहिनींना लवकर यावं लागतं. परवा त्या बाजारातून येत होत्या आणि आक्कांचा आवाज फाटकापर्यंत येत होता. मी म्हटलं, वहिनी, लय वेळ झाला, ओरडतायत. त्या चप्पल काढत म्हणाल्या, “ओरडू दे.” आणि आत जाता जाता ओ दिली.

माझ्या कामापुरतं सांगायचं तर, ह्यातून मी दोन गोष्टी धरल्या. नवीन घरी गेलं की औषधांच्या आधी विचारते, ह्या कुणाच्या आधी जेवत नव्हत्या. आणि घरच्या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला हात लावायच्या आधी, त्यातलं किती उतरवायचं हे तिलाच विचारते.